राखेची रेघ

खानापुरातल्या शेवटच्या कौलभट्टीची राख
पेद्रू बारदेसकर मास्तर अजून पोत्यात धरून आहेत.
शनिवारी दुपारी ते पत्र्याच्या डब्याला भोकं पाडतात
आणि तांबड्या मैदानावर रेघ ओढतात,
वाकून, पण उजवा गुडघा न वाकवता.
ते कसं जमतं, ज्यानं पाहिलंय त्यालाच ठाऊक.

गोव्याच्या क्लबात अकरा वर्षं.
लोंढ्याहून रात्रीची गाडी, पत्र्याची पेटी,
आईच्या माळेतला एक मणी मोज्यात.
स्टेशनवर हार घातला होता गावानं,
मग अकरा वर्षं पेपरात नाव शोधलं.
यायचं नाव. शेवटच्या ओळीत,
‘राखीव’ या शब्दानंतर.

एकदा आम्ही पोरांनी हिशेबच मागितला.
मॅची किती, मास्तर?
“सत्तावीस.”
मिनिटं?
शिट्टीची दोरी त्यांनी बोटाला गुंडाळली, सोडली.
“तीनशे चाळीस.”
आणि गोल?
“एक. कलकत्त्यात. दिला नाही रेफ्रीनं.
म्हणाला, चेंडू रेघेवर होता.”
होता का?
पलीकडे मलप्रभेत कुणीतरी म्हशी धूत होतं.
त्या बाहेर येईपर्यंत मास्तर बघत राहिले.
“होता की.”

बाकावर बसून काय दिसतं, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं.
खेळणाऱ्याला चेंडू दिसतो,
बसणाऱ्याला पाठी दिसतात.
कोण दमलाय, कोण भ्यालाय,
कोण पास मागतोय तोंडानं आणि नको म्हणतोय पायानं.
“चेंडू कुठं हाय ते म्हशीलाबी दिसतंय लेका,
मोकळी जागा कुठं हाय ते सांग.”
शिव्या मराठीत. पळताना ‘ओडू, ओडू’.
चेंडू पायात आला की ‘निधान’, अगदी हळू,
झोपलेल्या पोराला उचलावं तसं.
आणि हरल्यावर स्वतःशीच काहीतरी कोंकणीत,
जे आम्ही कधी विचारलं नाही.

नंदगडच्या पोरांशी मॅच होती तेव्हाची गोष्ट.
कल्मेशनं चेंडू अडवला तो पार कडेला,
अर्धा राखेवर, अर्धा गवतात.
बाहेर, बाहेर! सगळे ओरडले.
रियाज थांबला. नागो थांबला. गोलात मीही हात खाली सोडले.
एकटे मास्तर तेवढे शिट्टी न वाजवता उभे.
तोवर त्यांच्या पोरानं उचललाच चेंडू पायावर
आणि माझ्या डावीकडून आत.
आमच्याच मास्तरनं आम्हाला हरवलं, असं कल्मेशचे वडील म्हणाले,
दोन भाषांत म्हणाले, आणि थुंकले.
मास्तर त्या रेघेपाशी जाऊन बसले, पाय लांब करून,
आणि बोटानं राख नीट केली.
“रेघ मैदानाचीच असतीया.
तिच्यावर हाय तोवर आतलाच म्हणायचा.
मला परवडत नाही म्हणून
बदलायचं व्हय ते?”

आता मी जांबोटी गाडीचा कंडक्टर.
पावणेसहाला मैदानाशेजारून जातो.
ड्रायव्हर बसवराज न सांगताच गाडी हळू करतो.
हल्ली पोरीही असतात, दोघी बुटात कागद कोंबून पळतात.
काल चेंडू उसळून थेट रस्त्यावर, गाडीच्या पुढच्या चाकाशी.
गाडी थांबली.
मास्तर स्वतः आले, तिरके, जिना उतरावा तसे सपाट रस्त्यावर.
चेंडू काखेत घेतला. मान वर केली.
ओळखलं की नाही, सांगता येत नाही, चष्म्यावर ऊन होतं.
पण दोन्ही हात एकमेकांभोवती फिरवले त्यांनी,
बदली खेळाडू मागताना फिरवतात तसे.

मागच्या सीटवरचा म्हणाला, डबल मार की हो, उशीर झालाय.
दोरी हातातच होती माझ्या.
कुणाला उतरवायचंय, कुणाला घ्यायचंय,
तेवढं बघत होतो.